न्यूक्लिअर स्कॅन: भीती रेडिएशनची, घोळ चहाचा

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘न्यूक्लिअर मेडिसिन’ असं दिसलं की घरात चर्चा सुरू होते ती रेडिएशनची. केस जातील का, नातवाला जवळ घेता येईल का, नसलेला कॅन्सर या स्कॅननंच होईल का. या प्रश्नांची उत्तरं बहुतेक दिलासा देणारी आहेत, ती पुढे येतीलच. पण गडचिरोलीहून पहाटेची एसटी पकडून आलेल्या माणसाचा स्कॅन त्या दिवशी रद्द होतो तो रेडिएशनमुळे नव्हे. तो रद्द होतो नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवर उतरल्या उतरल्या खाल्लेल्या तर्री-पोह्यांमुळे, नाहीतर त्यावर घेतलेल्या चहामुळे. रद्द झाला तर एका परीनं बरंच म्हणायचं. खरी पंचाईत होते ती कुणाला न सांगता चहा पिऊन केलेल्या स्कॅनची. त्याचा रिपोर्ट नीटनेटका छापून येतो, आणि चुकीचा असू शकतो.

असं का होतं, ते समजायला या तपासण्या चालतात कशा ते आधी पाहू.

एक्स-रे आणि सीटी मुख्यतः शरीराची रचना दाखवतात. एमआरआयचंही बरंचसं तसंच. नागपूरच्या जुन्या महाल भागातल्या एखाद्या वाड्याचा नकाशा काढला, तर खोल्या किती, भिंत कुठे खचली, जिना कुठे आहे ते कळेल. पण आत्ता कोणत्या खोलीत चूल पेटली आहे, ते नकाशा सांगत नाही. न्यूक्लिअर स्कॅन ती चूल शोधतो. हाडात कुठे जास्त उलथापालथ चालू आहे, हृदयाच्या कोणत्या भागाला रक्त कमी पोचतंय, दोन मूत्रपिंडांपैकी काम कोण किती करतंय, हे तो दाखवतो. म्हणूनच एक्स-रेमध्ये जे दिसायला हाडातले ३० ते ५० टक्के खनिज झिजावं लागतं, ते बोन स्कॅनमध्ये कितीतरी आधी दिसू शकतं.

यासाठी शिरेतून एक औषध देतात. त्याचे दोन भाग असतात. एक भाग त्या त्या अवयवाकडे जाणारा, म्हणजे हाडासाठी वेगळा, किडनीसाठी वेगळा, हृदयासाठी वेगळा. दुसरा भाग किरणोत्सर्गी अणूचा. तो जिथे जाईल तिथून गॅमा किरण सोडत राहतो आणि अंगाजवळ आणलेला गॅमा कॅमेरा ते किरण टिपतो. औषधाचं प्रमाण इतकं सूक्ष्म असतं की त्यानं अंगात गरम वाटत नाही, गुंगी येत नाही, ॲलर्जी क्वचितच होते.

इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. गॅमा कॅमेरा स्वतः किरण सोडत नाही, तो फक्त घेतो. किरणं तुमच्या अंगातून बाहेर येत असतात. त्यामुळे टेक्निशियन म्हणाला, ‘मावशी, पाठीचा फोटो पुन्हा काढू,’ तर घाबरायचं कारण नाही. डोस इंजेक्शनच्या वेळीच ठरलेला असतो, दहा मिनिटं जास्त झोपल्यानं तो वाढत नाही. कॅमेऱ्यासोबत सीटी जोडलेला असेल, जसा पेट-सीटीमध्ये असतो, तर सीटीच्या भागाचा डोस मात्र वेगळा मोजायचा. (आणि हा पेट म्हणजे इंग्रजीतला PET, पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी; हा स्कॅन पोटाचा नव्हे. नागपूरच्या हिंदीमिश्रित बोलीत हा गैरसमज हमखास होतो. तो बहुतेक वेळा डोक्यापासून मांड्यांपर्यंतचा असतो.)

बोन स्कॅन, किडनीचा डीटीपीए किंवा डीएमएसए, थायरॉइडचा, हृदयाचा, अशा बहुतेक नेहमीच्या स्कॅनमध्ये वापरला जाणारा अणू म्हणजे टेक्नेशियम-९९एम. हे मूलद्रव्य १९३७ साली माणसानं प्रयोगशाळेत तयार केलेलं पहिलं मूलद्रव्य. त्याचं अर्धायुष्य ६ तास, म्हणजे दर सहा तासांनी त्याची ताकद निम्मी होते. सकाळी दहाला २० मिलिक्युरी (किरणोत्सर्गाची ताकद मोजायचं एकक) टोचले, तर दुपारी चारला १०, रात्री दहाला ५, पहाटे चारला अडीच, आणि दुसऱ्या दिवशी दहाला सव्वा. हा हिशेब फक्त अणूच्या विझण्याचा झाला. लघवीवाटे बरंचसं निघून जातं, ते वेगळंच.

एवढ्या लवकर विझणारी वस्तू कपाटात साठवून ठेवता येत नाही. म्हणून विभागात शिशानं वेढलेला एक छोटा ‘जनरेटर’ येतो. त्यात मॉलिब्डेनम-९९ असतं, त्याचं अर्धायुष्य ६६ तास, आणि त्यातून रोज सकाळी ताजं टेक्नेशियम काढून घेतात. दर आठवड्याला नवा जनरेटर लागतो. मॉलिब्डेनम मोजक्याच अणुभट्ट्यांमध्ये तयार होतं. २००९-१० मध्ये कॅनडातली आणि नेदरलँड्समधली अशा दोन जुन्या अणुभट्ट्या बंद राहिल्या, तेव्हा जगभरातल्या रुग्णांच्या तारखा पुढे गेल्या होत्या. तेव्हा काउंटरवर ‘माल आला नाही, सोमवारी या’ असं ऐकलं तर ती टोलवाटोलवीच असेल असं नाही.

पेट स्कॅनमध्ये घड्याळ आणखी घाईत असतं. तिथे नेहमी वापरतात ते एफडीजी, म्हणजे ग्लुकोजसारखा रेणू आणि त्याला चिकटवलेला फ्लोरिन-१८. त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं. सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे असे अणू बनवणाऱ्या यंत्रात, तयार झाल्यापासून ते ओसरायला लागतं. तुमच्या नावानं नऊ वाजताचा डोस मोजलेला असेल आणि तुम्ही बुटीबोरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून अकराला पोचलात, तर निम्म्याहून जास्त डोस विझून गेलेला असतो. जाता येणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करायचा तो यासाठी. तो डोस दुसऱ्या कुणाला उद्या देता येत नाही.

आता तयारी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण रुग्णाच्या हातात जे आहे ते सगळं इथेच आहे.

एफडीजी म्हणजे शरीराच्या दृष्टीनं साखर. जी पेशी जास्त साखर खाते ती जास्त उजळते. बऱ्याच कॅन्सरच्या पेशी अशा अधाशी असतात, म्हणून त्या उठून दिसतात. पण तुम्ही नुकतंच जेवला असाल तर इन्सुलिन वाढलेलं असतं आणि ते ही साखर सगळ्या स्नायूंमध्ये ढकलतं. मग चित्रात स्नायू उजळ, गाठ फिकी. म्हणून चार ते सहा तास पूर्ण उपाशी राहायचं, फक्त साधं पाणी भरपूर प्यायचं. उपाशी म्हणजे एकादशी नव्हे. साबुदाण्याची उसळ, राजगिऱ्याचा लाडू, संत्र्याचा रस, लिंबूसरबत, यातलं काहीही चालत नाही. आदल्या रात्रीही भात-गोड कमी केलेलं चांगलं.

मधुमेह असलेल्यांनी वेळ घेतानाच तसं सांगावं. रक्तातली साखर २०० च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी स्कॅन पुढे ढकलतात. ‘साखर वाढू नये म्हणून येताना इन्सुलिन टोचून आलो’ ही हुशारी नेमकी अंगाशी येते, कारण ते इन्सुलिनच औषध स्नायूंकडे पळवतं. मेटफॉर्मिनमुळे आतडी उजळतात, त्यामुळे पोटाचा आजार पाहायचा असेल तर काही केंद्रं ते दोन दिवस थांबवायला सांगतात. आपल्या मनानं मात्र कोणतीच गोळी बंद करायची नाही.

इंजेक्शननंतर साधारण तासभर एका खोलीत शांत बसायचं असतं. ‘शांत’ या शब्दाकडे लोक दुर्लक्ष करतात. जो स्नायू हलतो तो साखर खातो. आदल्या दिवशी जिमला गेलात, फुटाळा तलावाला दोन चकरा जोरात मारल्या, तर मांड्या-पोटऱ्या उजळतात. त्या तासात फोनवर गप्पा मारत बसलात तर स्वरयंत्राचे आणि जिभेचे स्नायू उजळतात. आणि विदर्भात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खर्रा, तंबाखू-सुपारीचं चघळायचं मिश्रण. खर्रा चघळत राहिलं तर जबड्याचे स्नायू पेटल्यासारखे दिसतात. तोंडाच्या किंवा घशाच्या आजारासाठी स्कॅन असेल, आणि आपल्याकडे तो बऱ्याचदा त्याचसाठी असतो, तर वाचणाऱ्या डॉक्टरला नेमकी तीच जागा गढूळ मिळते. सिस्टर विचारते, ‘काकाजी, खर्रा खाल्ला का?’ आणि काकाजी मुलासमोर मान हलवून नाही म्हणतात. खाल्ला असेल तर हो सांगावं. रागावणं हे तिचं काम नाही, रिपोर्टमध्ये नोंद करणं आहे.

शाल न्यावी. मे महिन्यात, ४५ अंशांच्या नागपुरात, शाल. हसू येईल, पण एसीच्या खोलीत अंग गारठलं की मानेजवळ आणि खांद्यांवर असलेली एक प्रकारची चरबी ऊब तयार करायला साखर जाळू लागते. ती स्कॅनमध्ये गाठींसारखी चमकते. तरुण, सडपातळ लोकांत हे जास्त दिसतं.

केमोथेरपी झालेल्यांसाठी तारखा महत्त्वाच्या. शेवटच्या केमोनंतर साधारण दोन-तीन आठवडे, रेडिओथेरपीनंतर साधारण तीन महिने थांबून स्कॅन केला तर चित्र स्वच्छ मिळतं. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर सगळी हाडं आतून उजळतात. घरचे घाबरतात, आणि असतं ते इंजेक्शनचंच काम. तेव्हा तारखा कागदावर लिहून न्या.

प्रत्येक पेट स्कॅन साखरेचा नसतो, हेही लक्षात ठेवा. प्रोस्टेटसाठी पीएसएमए, काही विशिष्ट गाठींसाठी डोटाटेट अशी वेगळी औषधं असतात. तिथे उपाशीपोटाचा नियम तसाच लागू होत नाही. शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका, आपल्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते विचारा.

आता चहा. हृदयाच्या तपासणीला आपण सरसकट ‘स्ट्रेस थॅलियम’ म्हणतो, जरी हल्ली त्यात बहुधा टेक्नेशियमचंच औषध असतं. ज्यांना ट्रेडमिलवर पळता येत नाही त्यांना ॲडिनोसिनसारखं औषध देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्या फुलवतात. निरोगी वाहिनी फुलते, अडलेली फुलत नाही, आणि त्या फरकावरूनच निदान होतं. चहा-कॉफीतलं कॅफिन हे औषध अडवून धरतं. मग एकही वाहिनी नीट फुलत नाही, फरक दिसत नाही, आणि अडथळा असलेल्या माणसाचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो. ‘अर्धाच कप घेतला जी मॅडम, त्यानं काय होते?’ तर हे होते. किमान १२ तास, आणि बऱ्याच ठिकाणी २४ तास आधीपासून चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. बिनकॅफिनची म्हणून विकली जाणारी कॉफीसुद्धा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं. दम्यासाठी थिओफायलिन चालू असेल तर तेही आधी सांगायचं.

बाकीच्या तपासण्यांचं थोडक्यात. बोन स्कॅनला उपाशी राहावं लागत नाही. इंजेक्शननंतर दोन ते चार तास थांबायचं, त्या वेळात लिटरभर पाणी प्यायचं, कॅमेऱ्याखाली जाण्याआधी लघवी करून यायचं. कपड्यावर लघवीचा थेंब पडला तर तो चित्रात हाडावरच्या डागासारखा दिसतो, तेव्हा संकोच न करता कपडा बदलायला मागा. खिशातली नाणी, पट्ट्याचं बक्कल, चांदीचा करदोटा, गळ्यातला ताईत हे किरण अडवतात, ते काढून ठेवायचे. थायरॉइडच्या स्कॅनआधी थायरॉइडच्या गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या ते डॉक्टर सांगतात. गेल्या महिना-दीड महिन्यात सीटीसाठी कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र ठळक दिसायचं औषध, दिलं असेल तर त्यातलं आयोडीन आड येतं, तेही सांगा. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या लहान मुलांचा डीएमएसए करतात. डोस वजनाप्रमाणे कमी करतात आणि आई जवळ थांबू शकते, ती गरोदर नसेल तर.

रेडिएशनकडे येऊ. बोन स्कॅनचा डोस साधारण ४ ते ५ मिलिसिव्हर्ट (अंगाला मिळालेलं रेडिएशन मोजायचं एकक). माती, आकाश, अन्न, हवा यांतून माणसाला वर्षाला जागतिक सरासरीनं २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, म्हणजे बोन स्कॅन हा दोनेक वर्षांच्या नैसर्गिक रेडिएशनएवढा झाला. लहान मुलाचा डीएमएसए साधारण १ मिलिसिव्हर्ट. पेट-सीटी जास्त, त्यात सीटी कसा केला यावर आकडा बराच बदलतो. केरळच्या करुनागपल्ली किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सर्गी खनिजाच्या वाळूमुळे नैसर्गिक रेडिएशन इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी जास्त आहे. तिथल्या लोकांच्या दीर्घकाळच्या पाहणीत कॅन्सर वाढलेला आढळला नाही. याचा अर्थ धोका शून्य असा कुणी काढू नये. पण ज्या आजाराच्या शंकेनं स्कॅन सांगितला आहे, त्याच्यासमोर हा धोका फार लहान असतो. केस जात नाहीत, अशक्तपणा येत नाही. आपल्याकडे या विभागांना १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांच्या खिशाला लावलेला बिल्ला त्यांना मिळालेला डोस मोजत असतो. ते इंजेक्शन देऊन चटकन लांब होतात, याचा रुग्णाला राग येतो. तुम्हाला हे एकदा मिळतं, त्यांना रोज कितीतरी रुग्णांकडून मिळतं, म्हणून ते अंतर ठेवतात.

घरी गेल्यावर त्या दिवशी पाणी जास्त प्यायचं, लघवी तुंबवायची नाही, बसून करायची, दोनदा फ्लश करायचं, हात धुवायचे. पहिले काही तास तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसायचं टाळायचं, गरोदर सुनेपासून थोडं अंतर. एफडीजीचं तर ११ तासांत चौसष्टावा भागही जेमतेम उरतो. एसटीनं किंवा रेल्वेनं चंद्रपूरला, गोंदियाला परत जायला हरकत नाही. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, वेगळी खोलीही नको. विमानानं जाणार असाल तर विभागाकडून पत्र घ्या, काही ठिकाणची यंत्रं दिवसभरानंतरही वाजू शकतात.

वेगळ्या खोलीची गोष्ट येते ती बहुधा थायरॉइडच्या कॅन्सरसाठी दिलेल्या आयोडीन-१३१ वरून. तो उपचार आहे, स्कॅन नाही. त्याचा डोस कितीतरी मोठा, अर्धायुष्य ८ दिवस, म्हणून त्या रुग्णाला काही दिवस स्वतंत्र वॉर्डात ठेवतात. आत्याला काचेआड ठेवलं होतं म्हणून बोन स्कॅन करून आलेल्या बाबांना ओसरीत झोपवायचं कारण नाही.

पाळी चुकली असेल, गरोदरपणाची शक्यता असेल, तर इंजेक्शनच्या आधी सांगायलाच हवं. सासू किंवा दीर सोबत असताना हे बोलणं अवघड जातं; सिस्टरला बाजूला घेऊन सांगा, एकटीनं बोलायचंय असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. अंगावर पाजत असाल तर तेही सांगा. टेक्नेशियमच्या तपासण्यांत फार तर काही तास थांबावं लागतं, दूध आधी काढून ठेवता येतं. आयोडीन-१३१ द्यायचं असेल तर मात्र त्या बाळाला पाजणं पूर्ण थांबवावं लागतं. आणि सोबत म्हणून गरोदर बाईला किंवा लहान पोरांना नेऊच नका. तिथे बसलेला प्रत्येक रुग्ण थोडाफार किरण सोडत असतो.

मग रिपोर्ट. फिल्म हातात आली की रिक्षातच ती उजेडाकडे धरून बघायची आपली सवय. पेट स्कॅनच्या फिल्मवर बहुधा औषध जास्त ओढणारा भाग काळा उमटतो, म्हणून मेंदू गडद दिसतो, मूत्राशय गडद दिसतं, बऱ्याचदा हृदयही. हे नॉर्मल आहे: मेंदू सतत साखर जाळतो आणि औषध लघवीवाटे बाहेर पडतं. बोन स्कॅनमध्ये साठीनंतरच्या गुडघ्यांत झिजेमुळे डाग असतातच. एका ओळीत तीन-चार फासळ्यांवर ठिपके दिसले तर बहुधा पडल्याचा मार असतो, म्हणून गेल्या वर्षी बाथरूममध्ये घसरलात ते सांगायला विसरू नका. थायरॉइडमधली ‘कोल्ड’, म्हणजे औषध न ओढणारी, गाठ ऐकून रडारड होते, पण अशा बहुसंख्य गाठी साध्याच निघतात.

सगळ्यात जास्त गोंधळ टीबीचा. टीबीच्या गाठीही साखर खातात आणि पेटमध्ये कॅन्सरसारख्याच उजळतात. रिपोर्टमध्ये एसयूव्ही म्हणून एक आकडा असतो, त्या जागेनं औषध किती ओढलं ते सांगणारा. तो अमुकच्या वर गेला म्हणजे कॅन्सर, अशी कोणतीही रेषा नाही. इंटरनेटवर तो आकडा घालून रात्र जागवण्यापेक्षा डॉक्टरांना विचारा, ‘तुकडा तपासायला लागेल का?’ आपल्या देशात नुसत्या पेटवर कॅन्सरचा शिक्का मारून उपचार सुरू करणं मला धोक्याचं वाटतं.

तितकीच नकोशी वाटते ती निरोगी माणसांनी ‘फुल बॉडी चेकअप’ म्हणून पेट-सीटी करून घ्यायची हौस. काही त्रास नसताना केलेल्या स्कॅनमध्ये कुठेतरी काहीतरी उजळतंच, मग त्याच्यामागे सुया, बिलं आणि दोन महिन्यांची झोपमोड. याउलट डॉक्टरांनी कारणानं सांगितलेला स्कॅन भीतीपोटी टाळू नका. शंका असेल तर सरळ विचारा, ‘या स्कॅनच्या निकालावरून उपचार बदलणार आहे का?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

जाताना जुने सीटी, एमआरआय, बायोप्सीचा कागद, ऑपरेशनची तारीख सोबत न्या, आणि येताना फिल्मसोबत सीडीही मागून घ्या. सहा महिन्यांनी तुलना करायची वेळ आली की डॉक्टरला सीडीवरची मूळ चित्रं लागतात, आणि सीडी घेतली नसेल तर तेव्हा ती मिळवायला बालाघाटहून पुन्हा एक चक्कर मारावी लागते.